वस्तीचं बारसं

माणसाला दोन पत्ते असण्याचं एव्हाना कुणाला नवल राहिलं नव्हतं. एक पत्ता भिंतींच्या घराचा, दुसरा सोंगवस्तीचा. कपाळाला पट्टी बांधून डोळे मिटले की माणूस आपल्या वस्तीत जाऊन उभा राही. तिथे त्याला दुसरं अंग, दुसरे कपडे, दुसरा धंदा. घरात ज्याला पाण्यालाही कुणी विचारत नाही तो तिथे सरपंच होई, आणि उभ्या जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस तिथे गलबत हाकी. वस्तीतली सगळी माणसं मिळून एकच गोष्ट जगत, रोज थोडी थोडी, आणि ती गोष्ट कुठे जाणार हे कुणालाच ठाऊक नसे.

इचलकरंजीच्या नागूबाई मुसळे अशाच एका वस्तीत होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सुनेनंच त्यांच्या कपाळाला पट्टी बांधली होती. "पडून पडून पंख्याची पाती मोजताय, त्यापेक्षा जाऊन तरी या, आत्ती." त्या भागात सासूला आत्ती म्हणतात. नागूबाईंनी आधी नाक मुरडलं, "सोंगं घ्यायला मी काय तमासगीर हाय?" म्हणाल्या, आणि आठ दिवसांत वस्तीच्या न्यायाधीश होऊन बसल्या. शाळा तिसरीत सुटलेली, सही करायची तर जीभ बाहेर काढून. पण समोरच्याचं पाणी जोखायला त्यांना अक्षराची गरज कधी पडली नव्हती.

वस्ती नदीकाठची होती. चार हजार एकशे माणसं, त्यांत दहातल्या नऊ बायका, कारण ती सुरूच केली होती यंत्रमागांवर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांनी. दर हंगामाला सोंगं बदलायची असा नियम होता. नागूबाईंची सून यंदा मोजणीदार होती. खांद्यावर साखळी टाकून ती दिवसभर उघड्या माळावर जमीन मोजत हिंडायची. घरात मात्र ती स्वयंपाकघर आणि गच्ची यांच्या पलीकडे फारशी जात नसे.

सगळं बरं चाललेलं असताना एक कटकट उपटली. यंत्रं माणसांची सोंगं घेऊन वस्त्यांत शिरायला लागली. हुबेहूब बाईसारखी बोलायची, रडायची, बायकांची मनातली बोलणी ऐकून बाहेर न्यायची. कुलपं घातली तर कुलपं उघडायची. शेवटी सरकारनं नियम काढला : प्रत्येक वस्तीनं नामकुलूप बसवायचं. महिनाअखेर ज्या वस्तीला नाव नसेल ती मिटवून टाकली जाईल.

त्या नावासाठीच रविवारी सकाळी विद्यापीठातल्या मेंदूतज्ज्ञ डॉ. मीनल नेर्लेकर मुसळ्यांच्या माडीवर येऊन बसल्या होत्या. खाली मागांचा खडखडाट चालला होता आणि टेबलावरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ संथ सरकत होती.

"नाव म्हंजे कुलूप कसं हो, बाई?" नागूबाईंनी विचारलं. "पाटी लावली म्हणून चोर थांबतोय व्हय?"

"पाटी नाही, आजी. बाजारात हजार आवाज असतात, आपण ऐकत नाही. पण कुणी आपलं नाव घेतलं की मान वळतेच ना?"

"वळंल न्हाई तर काय."

"मान वळायच्या आधी मेंदू वळतो. हाक कानावर पडली की पापणी लवायच्या आत तिथे एक लाट उठते. आम्ही तिला ओ म्हणतो. तोंडानं दिलेली ओ खोटी असू शकते, ही नाही. झोपेतसुद्धा उठते. ज्या नावानं आपण स्वतःला आतून ओळखतो, त्यालाच उठते. आणि यंत्राला आतून असं काही नसतंच. तेव्हा वस्तीच्या वेशीवर पट्टी तुमच्या कानात वस्तीचं नाव पुकारणार. आतून ओ आली, वेस उघडली. नाही आली, तर माणूस बाहेर."

"म्हणजे सगळ्यांनी ओ द्यावी असं एकच नाव पाहिजे," सून म्हणाली. एवढा वेळ ती भिंतीशी उभी होती.

"तेच अवघड आहे. नवीन नावाला ओ फुटायला वर्षं लागतात, आणि तुमच्याकडे तीन दिवस आहेत. म्हणून आतमध्ये आधीपासून रुजलेलं काहीतरी शोधायचं."

नागूबाईंनी पदर सारखा केला. "शोधायचं काय त्यात? नाव ठरलंया."

गल्लीतली एकोणीस बारशी त्यांच्या तोंडून झाली होती. पाळण्याशी कुर्र करायला आत्या बसे, पण नाव नागूबाईंचं. नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे गल्लीतल्या बायका दोन्ही अर्थांनी म्हणत. वस्तीच्या सभेत सोनकाठ, सुखवस्ती, चांदणपेठ अशी नावं निघाली होती. नागूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "सारिकानगर." न्यायाधीशबाईंपुढे कोण बोलणार? टाळ्या पडल्या.

सारिका ही नागूबाईंची लेक. अकराव्या वर्षी मेंदूज्वरानं गेली. त्यानंतर बारा वर्षं त्या घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नाही. मग मुलाचं लग्न ठरलं. मुलगी रेंदाळच्या विणकराची, नाव हर्षदा. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. मुलाचा हात तांदळावर गेला तेव्हा नागूबाईंनी वाकून त्याच्या कानात सांगितलं. त्यानं एकदा आईकडे पाहिलं आणि लिहिलं : सारिका. मांडवातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आईची माया बघा, म्हणाल्या. नवरीनं मान खाली घालून ताटाकडे पाहिलं. तिला काय वाटलं हे कुणी विचारलं नाही, कारण तसं विचारायची रीत नव्हती. त्याला आता बावीस वर्षं झाली होती.

"आधी प्रत्येकीची स्वतःची ओ मोजावी लागते," डॉक्टर म्हणाल्या. "त्यावरून माप ठरतं. सारिकाताई, तुम्ही बसा."

सून पट्टी बांधून बसली. यंत्रातून एकेक नावं येऊ लागली : शोभा, अलका, सारिका, निर्मला. रेघ संथ सरकत राहिली. डॉक्टरांनी पट्टी जरा वर सरकवली, पुन्हा लावलं. सारिका. रेघ हलली नाही.

"मिशन बिघडलंया तुमचं," नागूबाई म्हणाल्या.

"असू शकतं. तुमच्यावर बघू."

पट्टी नागूबाईंच्या कपाळावर आली. शोभा, अलका, आणि मग नागू. रेघ ताडकन वर गेली. "बिघडलं नाही," डॉक्टर पुटपुटल्या, पण यंत्र पुढची नावं घेतच होतं. निर्मला. सारिका. आणि रेघ अशी उसळली की पडद्याच्या कडेला जाऊन आपटली. नागूच्या दुप्पट.

खाली एक माग बंद पडला, आणि पुन्हा चालू झाला.

"आईच्या मेंदूत लेकराच्या नावाला उठते तशी ओ आहे ही," डॉक्टर हळू म्हणाल्या. गेलेल्या लेकीचं त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. पण पडद्यावर दिसतं ते बोलायची त्यांना सवय होती. "पण आजी, हे विचित्र आहे. या घरात ही हाक तुम्ही मारता आणि ओही तुम्हीच देता. जिला मारता तिला ती ऐकूच जात नाही."

"ऐकू जात न्हाई? बावीस वर्सं चहा आपोआप यीत हुता व्हय?"

"हाकेमागून काम येतं हे कळतं त्यांना. ओ म्हणजे ते नव्हे."

सुनेनं आपण होऊन पट्टी परत बांधली. "बाई, हर्षदा घालून बघा," ती म्हणाली. बावीस वर्षांत तिच्या तोंडून ते नाव नागूबाई पहिल्यांदा ऐकत होत्या.

हर्षदा. रेघेवर मुंगी चालल्याइतकी थरथर आली आणि विरली.

"कोण हाक मारायचं या नावानं?"

"आई. ती गेली त्याला चौदा वर्षं झाली."

"हाक मारणारं कुणी उरलं नाही की ओ सुकते. पायवाटेसारखं आहे. चाललं नाही की गवत चढतं."

"मग मी कशाला ओ देते?" सुनेनं विचारलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हरवलेली किल्ली शोधावी तशी ती विचारत होती. "काहीच नसेल तर मी वेशीबाहेरच राहणार, नाही का? माळावरचं काम अर्धं राहिलंय माझं. त्या वस्तीखेरीज माझं असं काय आहे, बाई?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून जळका वास आला आणि नागूबाई सवयीनं ओरडल्या, "अगं ए! दूध!"

सून पट्टीसकट धावली. नागूबाईंची नजर मात्र पडद्यावर होती. रेघ वर गेली होती. साधीसुधी नाही, नागूबाईंची सारिकासाठी गेली होती तेवढीच वर, आणि पाय रोवून उभी असल्यासारखी तिथेच थांबली होती.

डॉक्टरही पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते फक्त शास्त्रज्ञांच्याच डोळ्यांत येतं. दुसऱ्याचं घर जळत असलं तरी ज्वाळेचा रंग आधी दिसतो. यंत्रात सगळं टिपलं जात होतं. त्यांनी त्यातलं 'दूध' कापलं, 'अगं ए' ठेवलं, आणि सभेत निघालेल्या नावांसोबत ते वस्तीतल्या चार हजार एकशे पट्ट्यांकडे धाडून दिलं.

दुपारपर्यंत उत्तरं आली. सोनकाठला ओ देणाऱ्या सहा. चांदणपेठला दोन. सारिकानगरला एक, आणि ती कोण हे विचारायची गरज नव्हती. 'अगं ए'ला तीन हजार सहाशे बारा. उरलेल्यांत बहुतेक पुरुष होते; त्यांना दुसरी वस्ती बघावी लागणार होती.

डॉक्टरांनी मग स्वतःच्या कपाळाला पट्टी बांधली. विद्यापीठात त्यांचा दरारा होता, लग्न त्यांनी केलं नव्हतं. यंत्रातून नागूबाईंचा आवाज आला आणि हिरवी रेघ उभी राहिली. डॉक्टरांनी पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"आमच्या आजीचा आवाज असाच होता," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी गोष्ट निकालात काढायची वेळ आली. नियम सरळ होता : सर्वांत जास्त ओ मिळेल तेच नाव. आणि लाट ज्या आवाजाला उठली त्या आवाजाच्या मालकिणीची परवानगी हवी.

"न्हाई," नागूबाई म्हणाल्या. "जनावराला हाड म्हणावं तसली हाक, ती वेशीवर टांगायची? आनि माझ्या आवाजात? चार हजार बायका रोज मला ऐकनार!"

"रोज ऐकतातच, आजी. कुणाची तरी."

"हर्षदानगर ठेवा." हे बोलायला त्यांना फार कष्ट पडले. ते त्यांचं त्यांनाच कळलं आणि आणखी लाज वाटली. "मी देते परवानगी. तेच ठेवा."

"त्याला कुणीच ओ देणार नाही. हर्षदाताईसुद्धा नाही. मग बुधवारी वस्ती मिटेल."

नागूबाई सुनेकडे वळल्या. तिला काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. पण म्हणायचं तर आधी हाक मारावी लागते, आणि त्यांच्या तोंडात एकही हाक उरली नव्हती. त्या नुसत्या बघत राहिल्या. बावीस वर्षं आपण मेलेल्या पोरीला बोलावत होतो आणि ही जिती बाई उठून येत होती. पाप म्हणावं तर कुणाला दुखवायचं मनात नव्हतं. नाही म्हणावं, तर पडद्यावरची रेघ समोर होती.

"ठेवू द्या, आत्ती," सून म्हणाली. "इथं ती हाक आली की मला उठून भांड्याला हात घालावा लागतो. तिथं ती आली की वेस उघडेल. कुठंतरी उघडू दे की."

नागूबाईंनी मान हलवली.

पण सकाळची हाक खडखडाटात टिपली होती, ती चालेना. माग बंद करून पुन्हा म्हणावी लागणार होती. सुनेनं पट्टी परत बांधली. नागूबाईंनी घसा साफ केला आणि देवापुढे म्हणावं तसं म्हणाल्या, "अगं ए." रेघ ढिम्म. दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा आवाज भरून आला होता. रेघ तरीही ढिम्म.

"गोड म्हणू नका, आजी. गोड म्हटलं की कुणी ओ देत नाही."

"मग काय आता मुद्दाम वसकन अंगावर जाऊ तिच्या? येवढं सगळं कळल्यावर?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनीही नजर दुसरीकडे वळवली.

नागूबाईंना जमेना. जी हाक दिवसातून चाळीस वेळा न सांगता बाहेर पडे, ती आता मागूनही येईना. शेवटी सूनच उठली. तिनं पदर खोचला, फडताळापाशी गेली, आणि गेलेल्या सारिकाची जुनी पितळी वाटी काढली. त्या घरात त्या वाटीला कुणी हात लावत नसे. "आत्ती, ही भंगारात घालते," ती म्हणाली आणि जिन्याकडे निघाली.

"अगं ए!"

मागांशिवायच्या शांततेत ती हाक भिंतीवर जाऊन फुटली. रेघ पडद्याच्या माथ्याला टेकली. सून थांबली, वळली, वाटी जागच्या जागी ठेवली आणि म्हणाली, "झालं ना, बाई?"

जाताना डॉक्टरांनी एक सांगून ठेवलं. मेंदू हाकेबरोबर तिच्या मागून येणारी गोष्टही शिकतो. रोज हाकेमागून वेस उघडली, की हळूहळू ती हाक वेशीचीच होऊन जाईल. "म्हणून घरात ती आता वापरू नका, आजी. हाक आली आणि वेस उघडली नाही, असं होत राहिलं तर ओ झिजते. पार झिजली तर यांना आत जाता येणार नाही. प्रत्येकीच्या घरी सांगायला सांगितलंय मी."

बुधवारी वस्तीच्या वडाला पाळणा टांगला आणि बारसं झालं. बायका हसून हसून लोळल्या. सहा महिन्यांत तर त्या वस्तीत नदीच्या या काठावरून त्या काठाला एकच हाक घुमायला लागली, आणि ती मारणारी कडाकडा भांडत नसे, गळ्यात पडत असे. नागूबाईंनी तिथलं न्यायाधीशपण सोडलं. वेशीवर स्वतःचा आवाज कानात घेऊन आत जायला त्यांचं मन धजेना.

घरात त्या "हर्षदा" म्हणायला शिकल्या. सून ऐकत असे, येतही असे, पण दुसऱ्याच कुणाला तरी निरोप द्यायला आल्यासारखी. वाटेवरचं गवत जायला वर्षं लागतील असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. नागूबाईंचं वय शहात्तर होतं. आणि सारिका हे नाव तर त्यांनी जिभेवर येऊच दिलं नाही. तीही वाट आता बुजत असणार, हे त्यांना न मोजता कळत होतं.

एका दुपारी औषधाची डबी हातातून सुटली, गोळ्या फरशीभर झाल्या, आणि सावध व्हायच्या आत तोंडातून गेलं, "अगं ए!"

सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली.

नागूबाईंनी तिचा तसा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. खांदे हलके झालेले, डोळे लांबवर कुठेतरी लागलेले, ओठ उघडू बघणारे. उंबरा ओलांडायला उचलावं तसं पाऊल अर्धवट उचललेलं. इतकी देखणी बाई आपल्या घरात बावीस वर्षं वावरत होती. मग तिला फरशी दिसली, गोळ्या दिसल्या, सासू दिसली. पाऊल खाली आलं. दिवा काढून नेल्यावर खोली जशी होते, तसा तो चेहरा झाला.

"काय पाहिजे, आत्ती?"

"काय न्हाई. चुकून गेलं गं, बाई."

सून वाकून गोळ्या गोळा करू लागली. तिनं राग धरला नाही. नागूबाई दिवसभर स्वतःला कोसत राहिल्या, मारुतीपुढे कान धरून आल्या, पुन्हा ही चूक होणे नाही असं बजावून आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खुर्चीत बसल्या होत्या. सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. नागूबाईंनी दोनदा ओठ घट्ट मिटले. ती वळेल, एक क्षणभर वळेल, तेवढंच बघायचं, एकदाच. मग त्यांनी मांडीवरचा चमचा उचलला, हात लांब करून फरशीवर सोडून दिला, आणि हाक मारली.

चेहरा उजळला. कालच्यापेक्षा थोडा कमी.